प्रबंधातली वैद्यकीय चित्रं: परवानगी कुणाची, कधी आणि कशी घ्यायची

प्रबंध सादर करायच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, चित्राखाली सोर्स टाकलाय, चालेल ना?" गोव्यातल्या एमडीच्या, नर्सिंगच्या, फार्मसीच्या मुलांच्या आकृत्या मी तपासून देतो आणि उत्तर दरवेळी तेच असतं. सोर्स टाकला म्हणजे चित्र कुठून घेतलं ते लपवलं नाही, एवढंच. ते वापरायला मालकाने हो म्हटलंय का, हा प्रश्न तसाच राहतो.

त्यातून वैद्यकीय चित्राला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली चित्र काढणाऱ्याकडे किंवा प्रकाशकाकडे, दुसऱ्याची चित्रात दिसणाऱ्या रुग्णाकडे. पाठ्यपुस्तकातल्या हृदयाच्या रेखाचित्राला पहिलं कुलूप पुरतं. वॉर्डात तुम्ही स्वतः काढलेल्या जखमेच्या फोटोला मात्र दोन्ही असतात, आणि तिथेच सगळे अडकतात. "फोटो मीच काढलाय" म्हणून रुग्णाला विचारत नाहीत किंवा "पेशंटने सही दिलीय" म्हणून हॉस्पिटलला विचारत नाहीत.

तयारी: आकृत्यांची वही

पहिलं चित्र फाइलमध्ये चिकटवायच्या आधी एक एक्सेल शीट उघडा. रकाने असे: आकृती क्रमांक, चित्र कुठून घेतलं (पुस्तक, आवृत्ती, पान, मूळ आकृती क्रमांक), कोणत्या तारखेला घेतलं, मालक कोण, परवाना कोणता, परवानगी मागितल्याची तारीख, मिळाल्याची तारीख, रुग्णाची संमती आहे का, काय बदल केला.

"मालक कोण" या रकान्यात काही सुचत नसेल तर ते चित्र अजून तुमचं झालेलं नाही. तोवर त्या जागी रिकामी चौकट ठेवा. मी लाल चौकट ठेवायला सांगतो, म्हणजे गाइडच्या नजरेतूनही ती सुटत नाही.

परवानगीला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसतं. ऑनलाइन अर्जावर पाच मिनिटांत उत्तर येतं, तर लहान प्रकाशकाकडून दोन महिने काहीच येत नाही. म्हणून हे काम शेवटच्या प्रकरणाबरोबर काढायचं नाही, पहिल्या चित्राबरोबरच सुरू करायचं.

टप्पा १: चित्र कुठे जाणार ते ठरवा

एकच चित्र वर्गात चालतं आणि जर्नलमध्ये चालत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. खाजगी वापर, त्यात संशोधनही आलं, आणि टीका किंवा परीक्षण यांसाठी रास्त वापर चालतो. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत चालते, प्रश्नपत्रिकेतही चालते. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्याच्या या सवलतीचा अर्थ बराच मोकळा लावला.

या सवलती धरून ठेवायला मुलांना फार आवडतं. पण त्या कुठे संपतात ते बघा. वर्गातल्या स्लाइड्स तुम्ही यूट्यूबवर टाकल्यात की आता ते शिकवणं आहे की प्रकाशन, हा वाद सुरू झाला. पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) जातो आणि जगातला कुणीही तो उतरवून घेऊ शकतो. तिथे "खाजगी" हा शब्द टिकवणं अवघड आहे. म्हणून माझा नियम सरळ आहे: वर्गापुरतं असेल तर कलम ५२ वर विसंबा, ग्रंथालयात किंवा नेटवर जाणार असेल तर ते छापलंय असं समजून परवानगी घ्या. परिषदेच्या पोस्टरचे आता सगळे मोबाइलवर फोटो काढतात, तेव्हा पोस्टरलाही हाच नियम.

*सावधान:* साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल १० टक्क्यांच्या आत आला म्हणजे चित्रंही सुटली, असं समजू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांतला तो आकडा वाङ्मयचौर्याचा आहे, कॉपीराइटचा नाही. शिवाय नेहमीची सॉफ्टवेअर मजकूर ताडून बघतात. चित्रं त्यांच्या हाती लागत नाहीत.

टप्पा २: खरा मालक शोधा

"गूगल इमेजेस" हा मालक नाही. तिथून मूळ पानावर जा. ते पान कुणाचा तरी ब्लॉग असेल तर त्यानेही चित्र कुठूनतरी उचललेलं असण्याची शक्यता दाट, म्हणून आणखी मागे जा. चित्र उलट शोधून बघा, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच टाकून ते कुठे कुठे आहे ते शोधा, सगळ्यात जुनं पान सापडेपर्यंत.

पुस्तकाच्या किंवा शोधनिबंधाच्या बाबतीत चूक ठरावीक आहे. आकृतीखालची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. तिथे "अमुक यांच्या परवानगीने पुनर्मुद्रित" किंवा "अमुक यांच्या सौजन्याने" असं लिहिलेलं असेल तर समोरचा प्रकाशक तुम्हाला परवानगी देऊच शकत नाही. त्याने ते चित्र स्वतः उसनं आणलंय. उसन्या वस्तूचं उसनं कसं देणार? तिथे नाव असलेल्या मूळ मालकाकडे जा.

तुमचा स्वतःचा आधी छापलेला निबंध असेल तरीही वही उघडा. छापताना सही केलेला करार काढा. कॉपीराइट जर्नलला लिहून दिला असेल तर तुमच्याच आकृतीसाठी तुम्हाला विचारावं लागेल. बरीच जर्नल्स लेखकाला त्याच्या प्रबंधासाठी आधीच मोकळीक देतात, पण ते करारात वाचून ठरवा.

हॉस्पिटलमधला एक्स-रे, सीटी, स्लाइडचा फोटो: नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. सरकारी कामाचा मालक सरकार. एक्स-रेला कॉपीराइट असतो का, यावर वकील तासभर बोलतील, पण तुम्हाला त्यात पडायचं कारण नाही. विभागप्रमुखांमार्फत संस्थाप्रमुखांना पत्र द्या आणि लेखी होकार घ्या. एका कागदाचं काम. आचार-समितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी हा त्याला पर्याय नव्हे, दोन्ही कागद वेगवेगळे लागतात.

जुनी चित्रं: भारतात कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं चालतो. ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथाची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती मोकळी आहे, त्यातली चित्रं बिनधास्त घ्या. (मूळ चित्रं काढणारे कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते, हे गंमत म्हणून.) त्याच ग्रंथाच्या आजच्या आवृत्तीतली रंगीत चित्रं मात्र मोकळी नाहीत. नाव तेच म्हणून फसणारे दरवर्षी भेटतात. शरीररचनेचे चित्रकार नेटर यांची चित्रं तर सगळ्यांच्या तोंडपाठ असतात, म्हणून ती सगळ्यांची वाटतात. त्यांचे हक्क एल्सेव्हियर या प्रकाशकाकडे आहेत.

टप्पा ३: परवाना वाचा, नुसता बघू नका

फुकट वाचायला मिळतं म्हणजे फुकट वापरायला मिळतं, असं नाही. पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन भांडारातले अनेक लेख वाचायला खुले आहेत, पण त्यांचा कॉपीराइट लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडेच आहे. लेखाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर परवान्याची ओळ शोधा.

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) म्हणजे मालकाने अटी घालून आधीच दिलेला खुला परवाना. त्याची अक्षरं अशी वाचायची. "बाय" म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. "एनसी" म्हणजे धंद्यासाठी नाही. प्रबंधाला सहसा अडचण नाही, पण उद्या त्याच प्रबंधाचं विकायचं पुस्तक केलंत तर अडचण. "एसए" म्हणजे तुम्ही बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यायचं. हे तुमच्या जर्नलला चालेल का ते आधी विचारा. "एनडी" म्हणजे बदल करून वाटायचं नाही. चित्रावर बाण काढायचे असतील, लेबलं मराठीत करायची असतील तर एनडी असलेलं चित्र घेऊच नका. आवृत्तीचा आकडाही वहीत लिहा, ३.० आणि ४.० हे वेगळे दस्तऐवज आहेत.

डोकेदुखी कमी हवी असेल तर सर्व्हिये मेडिकल आर्ट हा ऑनलाइन चित्रसंग्रह बघा: अवयव, पेशी, उपकरणं, सगळं सीसी बाय ४.० खाली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या चित्रसंग्रहातली बहुतेक चित्रं मोकळी आहेत, पण प्रत्येक चित्राखालची कॉपीराइटची ओळ वाचायची, कारण काही मोकळी नाहीत. रेडिओपीडिया या रेडिओलॉजीच्या साइटवरचे एक्स-रे आणि सीटी बिगर-व्यावसायिक वापराच्या अटीवर असतात. पुस्तकाच्या प्रकरणासाठी ते उचलू नका. चित्रं जोडून आकृती बनवून देणाऱ्या साइट्सचं फुकट खातं बहुधा शिकण्या-शिकवण्यापुरतं असतं. छापायचा हक्क कोणत्या प्लॅनमध्ये मिळतो ते चित्र काढायच्या आधी वाचा, रात्रभर बसून आकृती पूर्ण केल्यावर नाही.

*तपासा:* परवान्याचं पान ज्या दिवशी बघितलंत त्या दिवशीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवलाय का? साइट्स आपल्या अटी बदलतात.

टप्पा ४: परवानगी मागा

मोठ्या जर्नलच्या लेखाच्या पानावर परवानगीची लिंक असते. ती बहुधा राइट्सलिंक या ऑनलाइन परवानगी देणाऱ्या सेवेवर नेते. तिथे क्रमाने विचारतात: कशासाठी (प्रबंध निवडा), काय हवंय (पूर्ण लेख नव्हे, आकृती), किती आकृत्या, छापील की इलेक्ट्रॉनिक (दोन्ही निवडा), तुम्ही या लेखाचे लेखक आहात का, भाषांतर करणार का. प्रबंधासाठी पुष्कळदा रक्कम शून्य येते. शून्य आली तरी ऑर्डर पूर्ण करा. किंमत बघून खिडकी बंद करणारे मी पाहिलेत. "फ्रीच आहे ना, मग झालं." झालं नाही. क्रमांक असलेला परवाना हातात येईपर्यंत काहीच झालेलं नाही.

लिंक नसेल तर प्रकाशकाच्या परवानगी विभागाला ईमेल. त्यात हे सगळं एकाच वेळी लिहा, म्हणजे उलट प्रश्नांत दोन आठवडे जाणार नाहीत: पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन, पान आणि आकृती क्रमांक, तुमच्या प्रबंधाचं नाव, विद्यापीठ, सादर करण्याचा महिना, छापील प्रती किती, नेटवरच्या भांडारात जाणार हे स्पष्ट, चित्र जसंच्या तसं की बदलून, आणि बदल कोणता, श्रेयाची ओळ कशी हवी. चित्राची लहान प्रत जोडा.

"नेटवर जाणार" हे लिहायला मुलं कचरतात. वाटतं, नकार येईल. पण न लिहिता आलेला होकार छापील प्रतीपुरता असतो आणि शोधगंगेवर टाकताना तो उपयोगाचा राहत नाही.

*सावधान:* उत्तर न येणं म्हणजे होकार नाही. "१५ दिवसांत कळवलं नाहीत तर संमती समजू" असं वाक्य तुमच्या पत्रात कितीही रुबाबदार वाटलं तरी कायद्यात त्याला वजन नाही. परवाना लेखी लागतो. एक स्मरणपत्र पाठवा, वाट बघा आणि तोवर पर्यायी चित्र शोधून ठेवा. मूळ लेखकाने ईमेलवर "खुशाल वापरा" म्हटलं तरी हक्क प्रकाशकाकडे असतील तर तो होकार कामाचा नाही. लेखकाचे आभार मानून प्रकाशकालाच लिहा.

टप्पा ५: रुग्णाची संमती

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरची सही फोटो छापण्यासाठी नसते. वेगळा कागद लागतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतलं कलम ७.१७ सांगतं की ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही. ओळख पटणार नसेल तर संमतीची गरज नाही, असंही तेच कलम म्हणतं. या दुसऱ्या वाक्यावर सगळे उड्या मारतात. मी सांगतो, फोटो असेल तर संमती घ्याच. ओळख पटणार नाही हे ठरवणारे तुम्ही, आणि ओळखणारे त्याचे शेजारी. शिवाय बरीच जर्नल्स केस रिपोर्टला संमतीपत्र मागतातच.

संमती घेताना भाषा सांभाळा. एका वॉर्डात एक डॉक्टर आजीबाईंना समजावत होता, "आजी, तुमचा फोटो आम्ही पेपरात छापणार, पण नाव नाही घालणार." आजी घाबरून म्हणाल्या, "पेपरार? मागीर सगलो गांव पळयतलो मरे!" (पेपरात? मग सगळा गाव बघेल की!) त्यांच्यासाठी पेपर म्हणजे सकाळी दारात पडतो तो. त्याला म्हणायचं होतं शोधनिबंध. शेवटी मुलीने समजावलं की हे डॉक्टरांचं पुस्तक, डॉक्टरच वाचतात. पण मग तेही अर्धवटच झालं, कारण तो निबंध नेटवर जाणार होता.

तेव्हा सांगायचं ते असं: फोटो कशाचा, कुठे छापणार, नेटवर कुणालाही दिसू शकतो, नाव येणार नाही पण ओळखणारा ओळखू शकतो, नाही म्हटलात तर उपचारात फरक पडणार नाही, छापायच्या आधी कधीही मन बदलता येईल पण एकदा नेटवर गेल्यावर परत घेता येणार नाही. गोव्यात कागद कोंकणी आणि मराठी दोन्हींत ठेवा. कोंकणी देवनागरीत वाचता न येणारे पण रोमीत (रोमन लिपीत) सहज वाचणारे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी रोमीतली प्रत हवी. वाचून दाखवलं असेल तर साक्षीदाराची सही. जमेल तर छापायचा फोटोच त्यांना दाखवा, मग सही घ्या.

मूल असेल तर आईवडील, आणि समजण्याच्या वयाचं असेल तर त्यालाही विचारा. रुग्ण वारला असेल तर जवळचे नातेवाईक. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातली पीडित व्यक्ती असेल, विशेषतः मूल, तर ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. असं चित्र माझ्या मते घेऊच नये. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बांधून दिली आहे.

टप्पा ६: ओळख पुसा

या टप्प्यावर मी स्वतः आपटलोय. पणजीत पोस्टर छापून घेतलं, गुंडाळी काखेत मारून बसमध्ये बसलो आणि परिषदेच्या हॉलमध्ये उलगडलं, तर सीटीच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या बारीक अक्षरांत रुग्णाचं पूर्ण नाव आणि वय. लॅपटॉपवर ते दिसलं नव्हतं, तीन फुटांच्या छपाईत स्वच्छ दिसत होतं. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून दिवस काढला. तेव्हापासून प्रत्येक चित्र २०० टक्के मोठं करून चारही कोपरे बघतो.

डायकॉम फाइलमध्ये (सीटी, एक्स-रे ज्या प्रकारात साठवतात त्या फाइलमध्ये) नाव दोन ठिकाणी असतं. एक चित्रावर छापलेलं, दुसरं आतल्या माहितीत: नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल क्रमांक, तपासणीची वेळ. ओळख काढून टाकायची सोय वापरली तर आतली माहिती जाते, चित्रावरची अक्षरं बहुधा राहतात. उलट स्क्रीनशॉट घेतला तर आतली जाते, वरची राहते. दोन्ही वेगवेगळी तपासा.

पॉवरपॉइंटमध्ये चित्र क्रॉप केलं म्हणजे कापलं गेलं नाही, नुसतं झाकलं. फाइल मिळालेल्या कुणीही क्रॉप मागे ओढलं की नाव पुन्हा हजर. चित्र संक्षिप्त करण्याच्या पर्यायात जाऊन कापलेला भाग काढून टाका, किंवा आधी चित्राच्या प्रोग्रॅममध्ये कापून मग चिकटवा. काळी चौकट वर ठेवली असेल तर तीही उचलता येते. मोबाइलच्या फोटोत ठिकाण आणि वेळ साठवलेली असते, ती पुसा.

डोळ्यांवरची काळी पट्टी आता पुरेशी समजत नाहीत. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही तेच म्हणते. गोंदण, हातावरचं नाव, गळ्यातला खुरीस (क्रूस) किंवा मंगळसूत्र, जुना व्रण, पलंगाचा क्रमांक, मागच्या भिंतीवरचा फलक, सगळं बघा. डोक्याच्या सीटीवरून केलेलं त्रिमितीय चित्र असेल तर त्यात चेहरा दिसतो, हे विसरतात.

आणि चित्र पुसून झालं तरी शेजारचा मजकूर बोलतो. समजा मानेच्या मणक्याचा एक्स-रे आहे आणि खाली लिहिलंय: "बार्देशमधल्या अमुक गावचा २२ वर्षांचा तरुण, सांजांवच्या दिवशी विहिरीत उडी मारताना इजा." सांजांव म्हणजे गोव्यातला विहिरीत उड्या मारायचा सण. नाव कशाला हवं? गावात त्या दिवशी विहिरीवर शंभर माणसं होती. माडावरून पडलेला पाडेली (नारळ पाडणारा) किंवा रेंदेर (माडी काढणारा), यांच्या केसमध्येही हेच होतं. गोवा लहान आहे. गाव काढा, सणाची तारीख काढा, वय विशीतलं एवढं ठेवा. अर्थात इजेचा प्रकार समजायला उडी सांगणं गरजेचं असेल तर ती राहू द्या, बाकीचं जाऊ द्या. वाटेल तशी खोटी माहिती घालून मात्र लपवायचं नाही. वय बदललंत, लिंग बदललंत तर तो शास्त्रीय घोटाळा.

*तपासा:* केसशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला चित्र आणि ओळी दाखवा आणि विचारा, "हा कोण असेल ते शोधता येईल का?"

टप्पा ७: पुन्हा काढणार असाल तर

"मी ट्रेस करून रंग बदलले, आता माझं." नाही. ट्रेस केलेलं चित्र हे मूळ चित्राची नक्कल किंवा रूपांतरच, आणि तो हक्क मालकाचा. मोकळी असते ती माहिती. यकृताला किती भाग, कोणती रक्तवाहिनी कुठून जाते, हे कुणाच्या मालकीचं नाही. तीन-चार पुस्तकं वाचा, अवयवाचा प्रत्यक्ष नमुना बघा, पुस्तकं मिटा आणि मग कोऱ्या कागदावर काढा. मांडणी, कोन, रंग, लेबलांची जागा तुमची असली पाहिजे.

एआयने काढून घेण्याचा मोह होईल. त्यात धमन्या नको तिथे फुटतात आणि लेबलांत भलतीच अक्षरं येतात, शिवाय बऱ्याच मोठ्या प्रकाशकांना अशी आकृती चालत नाही. जर्नलचा नियम आधी बघा.

टप्पा ८: श्रेयाची ओळ

परवान्यात ओळ दिली असेल तर ती जशीच्या तशी उतरवा, सुधारू नका. दिली नसेल तर मराठी लेखात अशी: "आकृती ४. (वर्णन). मूळ: (लेखक, लेखाचे किंवा पुस्तकाचे नाव, वर्ष, आकृती क्रमांक). (प्रकाशक) यांच्या परवानगीने, परवाना क्र. (…)." क्रिएटिव्ह कॉमन्सचं चित्र असेल तर शीर्षक, निर्माता, मूळ पान आणि परवाना, आणि बदल केला असेल तर "लेबले मराठीत केली, उजवा भाग कापला" असं स्पष्ट. रुग्णाचा फोटो असेल तर "रुग्णाच्या लेखी संमतीने" एवढंच. संमतीपत्राची प्रत परिशिष्टात जोडू नका. हसू नका, नाव-पत्त्यासकट जोडलेली मी पाहिली आहेत. चित्र पुसायला आठवडा घालवला आणि पान १४२ वर आधार क्रमांक.

टप्पा ९: सादर करण्याआधी

वही आणि प्रबंध शेजारी ठेवून एकेक आकृती ताडा. आकृत्यांचे क्रमांक शेवटच्या फेरीत बदलतात आणि आकृती ७ ची परवानगी आकृती ९ खाली जाते. परवाने आणि पत्रं एका फोल्डरमध्ये, फाइलचं नाव आकृतीच्या क्रमांकाने. संमतीपत्रं वेगळी, कुलपात, पेन ड्राइव्हवर नाही. पुढे याच प्रबंधाचा निबंध किंवा पुस्तक करणार असाल तर परवाने पुन्हा मागावे लागतील, तेव्हा हाच फोल्डर कामी येतो.

आणि एखादी लाल चौकट अजून रिकामी असेल तर? ती काढून टाका. तिच्या जागी दोन वाक्यांत वर्णन लिहा आणि वाचकाला मूळ पुस्तकाच्या पानाकडे पाठवा. संदर्भ द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आकृत्यांची यादी आणि क्रमांक पुन्हा जुळवून घ्या, मग बाइंडिंगला द्या.